टायपिंग झकास, प्रूफ मात्र स्वतः वाचा (५ पैकी ४ तारे)

परभणीत स्टेशन रोडच्या मागच्या गल्लीतलं टायपिंग-बाइंडिंगचं दुकान. पन्नाशीत एम.ए. करायची हौस आली, म्हणून लघुप्रबंधाची हातानं लिहिलेली ८४ पानं घेऊन गेलो. विषय बोटस्वाना नॅशनल फ्रंट, आफ्रिकेतल्या बोटस्वाना देशातला जुना विरोधी पक्ष. पानाला २० रुपये. माझं अक्षर बघता कमीच.

टाइप करणाऱ्या ताईंचा हात भलताच चालतो. चुका मात्र नमुनेदार. पक्षाचे संस्थापक केनेथ कोमा. ताईंना एके ठिकाणी नाव लागेना, त्यांनी फोन केला. मी म्हटलं, "केनेथ, पुढं कोमा." प्रूफात आलं, 'केनेथ, यांनी १९६५च्या निवडणुकीनंतर पक्ष काढला.' दुसरी चूक त्याहून भारी. १९९४ला ४० पैकी २७ जागा सत्ताधारी बोटस्वाना डेमोक्रॅटिक पार्टीला, १३ फ्रंटला. तक्त्यात आकडे उलटे बसले आणि माझ्या लघुप्रबंधात विरोधक ३० वर्षं आधीच सत्तेत आले!

पण ताई नुसतं टाइप करत नाहीत, वाचतात. १९९८च्या पानावर थांबल्या.

"सर, १३ पैकी ११ खासदार फुटले? मग पक्षाचं नाव कुणाकडं राहिलं?"

"कोमांकडं. फुटलेल्यांनी मायकल डिंगाकेंना घेऊन बोटस्वाना काँग्रेस पार्टी काढली. १९९९ला त्यांची एकच जागा आली, फ्रंटच्या सहा."

"म्हणजे दोघंबी बुडाले की," म्हणत त्यांनी एंटर दाबला. याच प्रकरणावर आमच्या मार्गदर्शकांनी फक्त 'ठीक' असा शेरा मारला होता.

कव्हरवर सोनेरी अक्षरं उठवायच्या आधीही त्यांनीच अडवलं. "शेवटी तर लिहिलंय, २०२४ला फ्रंटच्या आघाडीनं ६१ पैकी ३६ जागा घेतल्या, डुमा बोको राष्ट्राध्यक्ष झाले, ५८ वर्षं सत्तेत असलेली डेमोक्रॅटिक पार्टी चारवर आली. मग वर नुसतं 'एक विरोधी पक्ष' कसं?" खरंच की. शीर्षकात 'विरोधातून सत्तेकडे' घातलं. बदलाचे जादा पैसे घेतले नाहीत.

एक तारा कापला तो वेळेसाठी. दोन दिवस म्हणाले, पाच लागले. दुपारी लाईट जाते. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालतो, प्रिंटर नाही. सकाळी अकराच्या आत जा.