एफएफएमपेग: रिकव्हर झालेले व्हिडिओ शेवटपर्यंत धड आहेत का ते बघायचं असेल तर हेच वापरा

भाच्याला पेनड्राइव्ह फॉरमॅट करून देताना घाईत ड्राइव्हचं अक्षर चुकलं आणि माझी १ टीबीची हार्ड डिस्क फॉरमॅट झाली. तीत आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचं सगळं शूटिंग होतं, दुसरी कॉपी कुठेच नाही. क्विक फॉरमॅट होता एवढंच नशीब, त्यात फक्त फाइलींची यादी जाते, माल डिस्कवर तसाच पडून असतो. फुल फॉरमॅट असता तर विंडोज व्हिस्टापासून पुढे सगळ्या डिस्कवर शून्यं लिहिते, मग संपलंच. डिस्क लगेच काढली, तिच्यावर काहीही कॉपी केलं नाही आणि जेल रोडवरच्या एका दुकानात दिली.

तीन दिवसांनी ४६ व्हिडिओ मिळाले. "सब आ गया, देख लो." साइझ ठीक दिसत होती, तिथेच चार-पाच लावून बघितले, चालले, पैसे दिले आणि घरी आले.

संध्याकाळी आजीला दाखवायला बसलो. त्यात तिचं स्वतःचं बोलणं आहे वीसेक मिनिटांचं, लग्न होऊन इंदूरला आली तेव्हाचं, रामबागेतली भाड्याची खोली, गिरणीचा भोंगा झाला की चुलीवर आधण ठेवायचं वगैरे. अकराव्या मिनिटाला, भोंग्याचंच सांगत होती, तिच्या चेहऱ्यावर हिरवे-करडे चौकोन आले, आवाज खरखरला आणि पुढे चित्र थिजलं. आजी म्हणाली, "अगं, पुढे लाव ना." पुढे काही नव्हतंच. मला फार लागलं ते.

तर रिव्ह्यू एफएफएमपेगचा, म्हणजे व्हिडिओ-ऑडिओ उलगडणाऱ्या आणि बदलणाऱ्या प्रोग्रॅमचा. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २००० पासून आहे. खिडक्या-बटणं काही नाहीत, काळ्या विंडोत कमांड द्यावी लागते, घाबरू नका. एफएफएमपेग लिहायचं, मग मायनस व्ही एरर, मायनस आय आणि फाइलचं नाव, मग मायनस एफ नल आणि शेवटी नुसता एक डॅश. एवढ्यात तो अख्खा व्हिडिओ पहिल्या फ्रेमपासून शेवटच्यापर्यंत उलगडून बघतो, कुठे काही सेव्ह करत नाही, जिथे अडतो तिथे ओळ छापतो. काहीच छापलं नाही तर बहुतेक फाइल धड. प्लेअरवर भरवसा ठेवू नका, तो बारीकसारीक बिघाड झाकून पुढे जातो आणि आपण पहिलं मिनिट बघून खूश होतो.

रात्रभर ४६ फाइली चालवल्या. ३८ मध्ये एकही एरर नाही, ५ मध्ये एररच्या रांगा, आणि ३ उघडल्याच नाहीत, "मूव्ह ॲटम नॉट फाउंड". एमपी४ ची अनुक्रमणिका या मूव्हमध्ये असते आणि बरेच कॅमेरे ती रेकॉर्डिंग संपल्यावर फाइलच्या शेवटी लिहितात, शेपूट तुटलं की फाइल आंधळी. अशांसाठी अनट्रंक नावाचं फुकट साधन आहे, त्याच कॅमेऱ्याची त्याच सेटिंगची एक धड फाइल द्यावी लागते. माझी एक त्याने उघडली.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. डीटीएस (कुठली फ्रेम कधी उलगडायची ती वेळेची खूण) वाढत्या क्रमात नाही अशी ओळ आली तर लगेच हाय खाऊ नका, बऱ्याचदा फाइल ठीक असते, ती जागा डोळ्यांनी बघून घ्या. आणि उलट, एरर नाही पण व्हिडिओ अर्धाच आहे असंही होतं, म्हणून लांबी ताडून बघायचीच. वेळ खातो आणि कमांड नव्या माणसाला जड जाते म्हणून पाचपैकी साडेचार.

आता खरी गोम. दुकानातून आलेल्या फाइलींची नावं नुसते आकडे होते. म्हणजे त्यांनी रॉ स्कॅन केला होता, डिस्कवर व्हिडिओची सुरुवात ओळखायची आणि सलग उचलत जायचं. छोट्या क्लिप त्यात नीट येतात, पण भरून-पुसून वापरलेल्या डिस्कवर मोठी फाइल तुकड्या-तुकड्यांत पडलेली असते, मग मधेच दुसऱ्याच फाइलचा माल घुसतो. डिस्क एनटीएफएस होती (विंडोजची डिस्कवर फाइली मांडायची पद्धत), आणि क्विक फॉरमॅटनंतरही जुन्या यादीच्या बऱ्याच नोंदी खाली शिल्लक राहतात, त्यांत नाव असतं आणि कुठला तुकडा कुठे आहे तेही. एररची यादी छापून दुकानात नेली, म्हटलं जुन्या नोंदींवरून परत काढा. आधी कुरकुरले, मग काढलं, जास्तीचे पैसेही घेतले नाहीत, हेही सांगायला हवं. डिस्कला कोणी हात लावला नव्हता म्हणून हे जमलं.

या खेपेला नावासकट फोल्डर आला, "आजी ८१". बिघडलेल्या आठांपैकी सहा धड निघाल्या. आजीची क्लिप सगळ्यात आधी चालवली, विंडो शेवटपर्यंत कोरी राहिली, लांबी २१ मिनिटं ४ सेकंद, आणि मग आजीला हाक मारली.