लन रिसेट की टार्गेट रिसेट? सॅन निवडताना पाहायची गोष्ट

लिनक्समध्ये डिस्ककडे गेलेल्या कमांडला 30 सेकंदांत उत्तर आलं नाही, की उपायांची चढण सुरू होते. आधी ती एकच कमांड अबॉर्ट (रद्द), मग लन (स्टोरेजने सर्व्हरला दिलेली एक आभासी डिस्क) रिसेट, मग टार्गेट (अनेक लन देणारं स्टोरेजचं टोक), शेवटी बस (जोडणीचा मार्ग) आणि होस्ट (सर्व्हरमधलं जोडणीचं कार्ड). सॅन, म्हणजे सर्व्हरना नेटवर्कवरून डिस्क देणारं स्टोरेज, घेताना क्षमता आणि आयओपीएस (सेकंदाला किती वाचन-लेखन) सगळेच विचारतात. या चढणीवर ते कसं वागतं, हे सहसा कोणी विचारत नाही.

अबॉर्ट सर्वांत सौम्य, पण खरी मेख तिथेच आहे. ‘काम रद्द झालं’ असं उत्तर दिल्यावर त्या कमांडचा एकही बाइट पुढे डिस्कवर जाता कामा नये. कॅशमध्ये रेंगाळलेलं जुनं राइट नंतर उतरलं आणि दरम्यान सर्व्हरने दुसऱ्या पाथवरून (जोडणीच्या वाटेने) त्याच जागी नवा डेटा लिहिला असेल, तर नव्यावर जुनं बसतं. एरर कुठेच दिसत नाही. डेटाबेस बिघडलेला मात्र सापडतो. उत्तराला उशीर झाला तर चालेल, खोटं उत्तर नको.

लन रिसेट त्या एका लनवरच्या सगळ्या सर्व्हरच्या कमांड रद्द करतो. म्हणून बाकीच्या सर्व्हरना युनिट अटेन्शन (‘लन रिसेट झाला’ अशी सूचना, सेन्स कोड 29) मिळायलाच हवं, नाहीतर ते न येणाऱ्या उत्तराची वाट पाहत बसतात. जुनं रिझर्व्ह-रिलीज पद्धतीचं रिझर्वेशन (लनवर सर्व्हरने ठेवलेला हक्क) यात सुटतं, पर्सिस्टंट रिझर्वेशन टिकतं. विंडोज सर्व्हर 2008 पासूनचं क्लस्टर पर्सिस्टंटच मागतं, त्यामुळे तिथे याची धास्ती नाही.

टार्गेट रिसेट म्हणजे एका फ्लॅटचा फ्यूज उडाला म्हणून अख्ख्या सोसायटीचा मेन स्विच पाडणं. आयस्कझीचा (नेटवर्कवरून डिस्कच्या कमांड पाठवण्याच्या पद्धतीचा) कोल्ड रिसेट तर टार्गेटची सगळी टीसीपी कनेक्शनं तोडतो. आयस्कझीच्या मानकात, म्हणजे आरएफसी 7143 मध्ये, वॉर्म (कनेक्शनं न तोडणारा) आणि कोल्ड दोन्ही टार्गेट रिसेट ऐच्छिक आहेत. ‘हे जमत नाही’ असं स्पष्ट सांगणारं टार्गेट मला कमी वाटत नाही.

एकाच सर्व्हरला जोडलेला छोटा बॉक्स असेल तर लन आणि टार्गेट रिसेटमध्ये फारसा फरक पडणार नाही. अनेक सर्व्हरचं सामायिक स्टोरेज असेल, तर लन रिसेट नीट करणारंच घ्या. डेमोच्या वेळी चाचणीच्या लनवर एसजी-रिसेट (लिनक्समधून रिसेट पाठवणारी कमांड) चालवा, वरच्या पायरीवर न चढण्याचा पर्याय लावून. शेजारच्या लनवर दुसऱ्या सर्व्हरचं आयओ (वाचन-लेखन) चालू ठेवा. ते अडखळलं, तर विक्रेत्याला तिथेच कारण विचारा.