आधी आपलं वर्कशॉप, की आधी आजीचं न्हाणीघर?

माझा भाचा इंदूरला राजेंद्रनगरात राहतो. घरामागे दहा बाय अठरा फुटांची जागा आहे, तिथे त्याला सुतारकामाचं वर्कशॉप उभं करायचंय. नेमकी त्याच वेळी घरच्यांची तीन कामं त्याच्याकडे आली. रामबागेतल्या आजीच्या, म्हणजे माझ्या आईच्या, न्हाणीघराची ओल; त्याच्या आईचं स्वयंपाकघर; आणि काकांच्या फ्लॅटमधलं सात फुटी कपाट. "मावशी, आधी काय हाती घेऊ?" असं त्याने विचारलं.

पाच वर्षांपूर्वी मी याच पेचात होते. सुदामानगरच्या घरी वर्कशॉप बांधता बांधता आत्याचं स्वयंपाकघर आणि धाकट्या भावाची दोन कपाटं केली. त्यात जे चुकलं आणि जे जमलं ते त्याला सांगितलं, तेच इथे मांडते. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी हे करू पाहणाऱ्या कुणालाही ते लागू पडेल.

रस्ते तीन दिसतात: वर्कशॉप पुरतं उभं करून मगच घरच्यांची कामं घ्यायची, घरच्यांची आधी उरकून मग आपलं सुरू करायचं, किंवा दोन्ही आलटून-पालटून. माझं मत आधीच सांगते. जमीन, वीज आणि एक भक्कम बाक एवढंच आधी करा, मग घरचं एकेक काम घ्या, आणि मोठी यंत्रं सगळ्यात शेवटी आणा. अपवाद एकच. कुठे पाणी झिरपत असेल तर ते काम या सगळ्यांच्या आधी.

पाण्याचं काम थांबत नाही

न्हाणीघराची ओल आणि कपाट ही दोन्ही "घरची कामं" असली तरी त्यांची जात वेगळी आहे. कपाट सहा महिने उशिरा झालं तर कपडे ट्रंकेत राहतात. ओल सहा महिने राहिली तर गिलावा सुटतो, पलीकडच्या खोलीच्या भिंतीला पोपडे धरतात, चौकटीला वाळवी लागते. रामबागेतलं आमचं घर जुनं, लाकडी खांबांचं. तिथे ओल म्हणजे थेट खांबाच्या पायाशी गाठ.

पाणी बहुतेक वेळा नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या निचऱ्याच्या भांड्याच्या, जोडातून किंवा भिंत आणि फरशी मिळतात त्या कोपऱ्यातून जातं. टाइल्सच्या फटीत पांढरं सिमेंट भरून ते थांबत नाही. ट्रॅप बंद करून दोन-तीन इंच पाणी 48 तास साठवून ठेवायचं आणि ओल कुठे उमटते ते बघायचं. वॉटरप्रूफिंगचे दोन हात भिंतीवर निदान फूटभर वर चढवायचे, शॉवरच्या बाजूला डोक्याइतके, आणि टाइल्स लावण्याआधी पाणी साठवून पुन्हा तपासायचं. हे दुसऱ्यांदा तपासणं लोक गाळतात, कारण तोवर घरचे सगळे न्हाणीघराविना कंटाळलेले असतात.

ओलसर भिंतीला लाकूडकाम लावायचं नाही. शंका असेल तर दीड फूट प्लॅस्टिकचा चौकोन चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर बंद करा आणि दुसऱ्या दिवशी उघडा. आतल्या बाजूला थेंब दिसले तर भिंत अजून आतून ओली आहे. आत्याकडे मी ही तपासणी केली नाही. ओट्याखालच्या खणांच्या पाठीला दोन पावसाळ्यांत बुरशी धरली आणि ते खण मला पुन्हा करावे लागले.

एकच कपाट, दोन ठिकाणी

निवड करताना खरा फरक कळतो तो इथे. भावाची दोन कपाटं जवळजवळ सारखी होती. पहिलं त्याच्या फ्लॅटमध्येच बनवलं, कारण तेव्हा माझं वर्कशॉप म्हणजे चार खांब होते. दुसरं वर्कशॉपमध्ये बनवून नेलं.

फ्लॅटमध्ये काम करण्याचा मोठा फायदा म्हणजे भिंत समोर असते. भिंती काटकोनात नसतात, नव्या फ्लॅटमध्येही नसतात. पट्टी लावून पाहिली, पेन्सिल भिंतीवरून फिरवली, तेवढं तासलं आणि बसवलं. पुन्हा माप घ्यायला शहराच्या दुसऱ्या टोकाला जावं लागलं नाही. त्रास बाकी सगळ्याचा. अठरा मिलिमीटरच्या आठ बाय चारच्या प्लायचं वजन तीस-पस्तीस किलो भरतं आणि तो लिफ्टमध्ये मावत नाही. जमिनीवर थर्माकोल अंथरून त्यावर हातातल्या मशीनने कापायचा. सरळ पट्टी सी-क्लॅम्पने धरून कापलं तर रेघ चांगली येते, पण सारख्या मापाचे आठ खण कापताना प्रत्येक वेळी पट्टी नव्याने लावावी लागते, आणि आठांतला एक तरी दीड मिलिमीटरने चुकतो. रोज संध्याकाळी सगळं आवरून ठेवायचं, कारण रात्री त्याच खोलीत मुलं झोपणार. मी मोजलं होतं: चार तासांच्या कामातला जवळजवळ दीड तास मांडण्यात आणि आवरण्यात जायचा.

आणि भुसा. लाकडाच्या भुशाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. बारीक धूळ मशीन बंद झाल्यावरही बराच वेळ हवेत तरंगते. मी एन-95 मास्क लावून होते, पण घरातली माणसं नव्हती. राहत्या घरात, विशेषतः म्हातारं माणूस असेल तिथे, एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) कापायला मी आता ठाम नकार देते. रामबागेत आईच्या घरी एकही फळी कापायची नाही हे भाच्याला पहिल्याच दिवशी सांगितलं.

दुसरं कपाट बाकावर बनवलं. खण एकाच पक्क्या बसवलेल्या ठोकळ्याला टेकवून कापले, म्हणून सगळे सारखे आले. जोडांना फेविकॉल लावून क्लॅम्प रात्रभर तसेच ठेवता आले. फ्लॅटमध्ये ते कधीच शक्य झालं नव्हतं. काम निम्म्या दिवसांत झालं आणि जास्त चांगलं झालं. पण नेण्याची गोष्ट निराळी. सात फूट उंच आणि दोन फूट खोल कपाट आडवं नेऊन उभं करताना त्याचा कर्ण छताखाली फिरावा लागतो, आणि तो जवळजवळ साडेतीन इंच जास्त भरतो: सात फूट साडेतीन इंच. फॉल्स सीलिंग किंवा जुन्या घराची तुळई खाली असेल तर कपाट उभंच राहत नाही. मी खालची चार इंची बैठक वेगळी केली आणि वरचा सांगाडा 80 इंचांचा ठेवला. 80 आणि 24 इंचांचा कर्ण साडेत्र्याऐंशी इंच येतो, म्हणजे जेवढी अखेरची उंची त्याहून थोडा कमीच. बैठक आधी पाणसळीत बसवली, मग सांगाडा त्यावर चढवला. भिंतीकडच्या बाजूला दोन इंचांची पट्टी मुद्दाम मोठी ठेवून ती तिथे तासली, म्हणजे फ्लॅटचा फायदाही हातचा गेला नाही.

थोडक्यात, सारख्या मापाचे बरेच तुकडे असतील, चिकटवणं जास्त असेल, तर वर्कशॉप जिंकतं. स्वयंपाकघराचे खण त्यातच येतात. एखादा लॉफ्ट, दाराची चौकट, जिन्याखालचा खण असेल तर जागेवरच करावं.

माळव्याची माती आणि कॅलेंडर

वर्कशॉपचं काय आधी करायचं हे आपण ठरवत नाही, काळी माती ठरवते. बेसाल्ट झिजून झालेली ही माती पावसात फुगते आणि वैशाखात बोट जाईल एवढी फाटते. मी सहा इंच उकरून काँक्रीट ओतलं. पहिल्याच पावसाळ्यात लादी मधोमध उचलली गेली आणि आडवी चिरली. दुसऱ्यांदा अडीच फूट काळी माती काढली, सहा-सहा इंचांच्या थरांनी मुरूम भरून पाणी मारून धुमसला, त्यावर जाड प्लॅस्टिक आणि जाळी टाकून चार इंची काँक्रीट केलं. घराच्या भिंतीपासून लादी थर्माकोलची पट्टी घालून सुटी ठेवली आणि बाहेर उतार दिला. ती आजतागायत हललेली नाही.

हे सगळं पावसाआधीच होतं. इंदूरला पाऊस साधारण जूनच्या उत्तरार्धात लागतो, म्हणून खोदाई फाल्गुन-चैत्रात सुरू व्हायला हवी. आठवडाभर पाणी मारायचं म्हणजे पाणी हवं. आमच्याकडे जलूदहून येणारं नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, तेव्हा टाकीचा हिशोब आधी करा आणि लादीवर ओली पोती पसरा. एकाच आठवड्यात आजीकडचा गिलावा आणि इकडची लादी दोन्ही पाण्यावर ठेवू नका. सकाळ-संध्याकाळ दोन घरांना पाणी मारायला एक माणूस पुरत नाही, मी करून पाहिलं आहे.

खोदण्याआधी मंजूर नकाशा काढून बघा. मागची मोकळी जागा पुष्कळदा एमओएसमध्ये, म्हणजे घराभोवती सोडावीच लागणाऱ्या मोकळ्या जागेत, येते, तिथे पक्कं बांधकाम चालत नाही. निघालेली माती आणि मलबा कुठे जाणार तेही आधी ठरवा. 2017 पासून स्वच्छतेत पहिल्या आलेल्या या शहरात तो कोपऱ्यावर टाकून चालत नाही, दंड होतो.

दोन्ही कामं एकमेकांत बसतात ती वाट पाहण्याच्या दिवसांत, शनिवार-रविवार वाटून नव्हे. गिलावा आठवडाभर पाणी पितो आणि रंगाआधी महिनाभर सुकतो. त्या महिन्यात तिथे जाऊन करण्यासारखं काहीच नसतं. तो महिना बाकाचा. उलट श्रावण-भाद्रपदात बाहेरचं सगळं थंडावतं तेव्हा वर्कशॉपमध्ये आत्याचे ते खण दुसऱ्यांदा जोडले. फक्त पॉलिश तेव्हा केलं नाही: दमट हवेत स्पिरिट पॉलिश किंवा लॅकर मारलं की पांढुरकी झाक येते. आणि पावसात अडकणारं दार ऑगस्टमध्ये रंद्याने तासू नका, आई कितीही मागे लागली तरी. लाकूड आडवं फुगलेलं असतं, दिवाळीपर्यंत आपोआप आकसतं, आणि तासलेलं दार उन्हाळ्यात फट दाखवतं. बिजागरीचे स्क्रू ढिले नाहीत ना, एवढं मात्र लगेच बघा.

वीज आणि हत्यारं

वर्कशॉप आधी करणारे बहुतेक टेबल सॉपासून, म्हणजे टेबलात बसवलेल्या मोठ्या विजेच्या करवतीपासून, सुरुवात करतात. मला ते पटत नाही. दोन हॉर्सपॉवरची मोटर चालताना दहा-बारा अँपिअर घेते आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. त्यासाठी मीटरपासून वेगळी लाइन, सी प्रकारचा एमसीबी (मोटर सुरू होतानाचा झटका सोसणारा), 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा) आणि जाड वायर लागते, शिवाय मंजूर लोड वाढवावा लागू शकतो. वायर भिंतीत आत्ताच घालून ठेवा. महाराणी रोडला हे सगळं एका फेरीत मिळतं. यंत्र नंतर घ्या. हातातली सर्कुलर मशीन, ड्रिल, व्हॅक्यूम क्लीनर, आठ क्लॅम्प आणि आपली अडीच स्क्वेअर मिलिमीटरची एक्स्टेंशन वायर ही दोन्हीकडे चालतात. पुढे आणखी काय लागेल ते घरची कामं करताना कळतं. मला वाटलं होतं थिकनेस प्लेनर, म्हणजे फळी एकसारख्या जाडीची तासणारं यंत्र, हवाच. तीन कामांत एकदाही गरज पडली नाही.

घरच्यांशी बोलणं

इथे मी कमी पडले होते. आत्याचं काम संक्रांतीला सुरू केलं, मध्येच लादीसाठी सोडलं, आणि तिने अक्षय्य तृतीयेपर्यंत गॅस व्हरांड्यात ठेवून स्वयंपाक केला. ती एक शब्द बोलली नाही. माझ्या काकांनी मात्र त्याबद्दल माझ्या वडिलांना विचारलं, आणि ते मला फार लागलं. तेव्हापासून स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर उघडलं की दुसरं काहीही उघडायचं नाही, हा माझा नियम आहे. कपाटासारखं काम मात्र मध्ये थांबवता येतं, कारण त्याचे तुकडे आपल्याकडे असतात आणि त्यांचं घर चालू असतं.

सामानाचं बिल त्यांच्या नावावर सियागंजाच्या बाजारातूनच करून घ्यावं आणि मजुरी घेणार की नाही हे पहिल्या दिवशी सांगावं. प्लायचा दर्जाही त्यांच्यासमोर ठरवावा. ओट्याखाली आयएस 710 चा (पाणी सोसणारा मरीन प्लाय), कपड्यांच्या कपाटाला आयएस 303 चा (सर्वसाधारण वापराचा) पुरतो. यातला फरक किमतीत दिसतो, आणि नंतर "एवढा महाग का घेतलास" हे ऐकणं दोघांनाही जड जातं.

भाच्याचं ठरलं ते असं. आजीकडे गेल्या शनिवारी ट्रॅप बंद करून पाणी साठवलं. सोमवारी माजघराच्या बाजूला हातभर डाग उमटला, म्हणजे जागा सापडली. ते काम आठ दिवसांत सुरू होईल. तिथे गिलावा सुकत असताना राजेंद्रनगरला मुरूम पडेल. काकांचं कपाट पावसाळ्यात, बाकावर. आईच्या स्वयंपाकघराला त्याने दिवाळीनंतरची, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख सांगितली. माझी बहीण थोडी नाराज झाली, पण तारीख तिने कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.