दीड वर्ष वापरलेला जुना ओपिनेल नंबर ८ : पावसाळ्यात उघडेना, उन्हाळ्यात मिटून राहीना

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पाठपिशवीच्या बाजूच्या कप्प्यात हात घातला आणि मधल्या बोटाला अर्ध्या पेराएवढी चीर पडली. कप्प्यातला ओपिनेल, म्हणजे लाकडी मुठीत मिटणारा फ्रेंच चाकू, आपोआप उघडला होता. पुरता नव्हे, पण टोक बाहेर येण्याइतका. गंमत अशी की, याच चाकूबद्दल गेल्या जुलैपासून मी घरात आणि मित्रांत जी तक्रार करत हिंडत होतो ती नेमकी उलट होती, म्हणजे तो काही केल्या उघडतच नाही ही. आठ महिन्यांच्या अंतराने एकाच वस्तूने दोन परस्परविरोधी दोष दाखवल्यावर मी बोटाला पट्टी बांधून व्हर्नियर (मिलिमीटरचे दशांश मोजायचे साधन) घेऊन बसलो, आणि त्यानंतर त्याच्याविषयीचे माझे मत तिसऱ्यांदा बदलले.

नंबर ८ हा ओपिनेलच्या अनेक आकारांपैकी एक. त्याची मापे, वजन वगैरे इथे सांगत बसत नाही. ज्यांना हा चाकू माहीत आहे त्यांना ती पाठ असतात. माझा नग मात्र जुना आहे. कामानिमित्त वर्षभर फ्रान्समध्ये ग्रनोबलला राहणे झाले, तेव्हा सप्टेंबरातल्या एका रविवारी शांबेरीजवळच्या गावात घरातले जुने सामान विकण्याचा बाजार भरला होता, त्यात गंजलेली कुलपे आणि बिजागऱ्या यांच्या खोक्याच्या तळाशी तो पडलेला दिसला. आजोबांनी ५ युरो सांगितले, मी ४ दिले. कारखाना शांबेरीचाच, त्यामुळे त्या भागात जुन्या ओपिनेलचे कौतुक कोणालाच नसते. आपल्याकडे जुन्या अडकित्त्याचे नसते तसेच.

वय ठरवायला त्याच्यावरचे फिरते कडे पुरेसे होते. पाते उघडल्यावर ते मिटू नये म्हणून बसवलेले हे विरोब्लॉक कडे १९५५ साली आले. त्याआधीच्या ओपिनेलांना कडेच नसते. मिटलेले पातेसुद्धा त्याच कड्याने जखडून ठेवण्याची सोय २००० साली आली. माझ्या चाकूला कडे आहे, पण ते पाते उघडे असतानाच अडवते, म्हणजे त्याचा जन्म या दोन सालांच्या मधला. ही बाब त्या वेळी मी केवळ वय ठरवण्यापुरती नोंदवली आणि विसरून गेलो. पुढचे सगळे रामायण तिच्यातून घडले.

दुरुस्तीबद्दल थोडक्यात सांगतो. ओपिनेलचे भाग पाचच : पाते, मूठ, मुठीच्या तोंडावरची घट्ट बसवलेली पोलादी पट्टी, आरपार गेलेला रिव्हेट आणि कडे. कडे पकडीने फाकवून काढता येते. रिव्हेट मात्र ठोकून बसवलेला असतो, त्याच्या वाटेला जाऊ नये. गंज काढण्यासाठी अनेकजण अख्खा चाकू व्हिनेगरात बुडवतात. तसे केल्यास लाकडाची वाट लागते, म्हणून मी फक्त पात्याला व्हिनेगरात भिजवलेला कागदी रुमाल रात्रभर गुंडाळून ठेवला आणि सकाळी बारीक पोलादी काथ्याने घासले. इथवर ठीक होते. मग मात्र हौसेने पॉलिश पेपर हातात घेतला आणि पाते आरशासारखे करण्याच्या नादात त्यावरची मुकुटधारी हाताची खूण निम्मी घालवून बसलो. हा हात म्हणजे सेंट-जाँ-द-मोरिएन या गावाच्या मानचिन्हातला, आशीर्वादासाठी उचललेला. वरचा मुकुट साव्हॉयच्या डचीचा, म्हणजे त्या भागातल्या जुन्या संस्थानाचा. जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये पहिले चाकू त्याच परिसरातल्या डोंगरात केले आणि १९०९ मध्ये ही खूण घेतली. माझ्या पात्यावर आता मुकुट आहे, बोटे नाहीत. संग्रहाच्या दृष्टीने त्याची किंमत मी स्वतःच्या हाताने ४ युरोंच्या खाली आणली, हे मान्य करायला मला बरेच महिने लागले. जुन्या चाकूचा सैल गंज काढावा. काळसर झाक काढू नये.

ती झाक परत यायला मात्र फार दिवस लागले नाहीत. कार्बन पोलादाचे पाते आंबट पदार्थाने काळवंडते. तिकडे सफरचंदाने निळसर छटा धरली आणि इथे आल्यावर कैरीने उरलेले काम एका दुपारी केले. ज्यांच्या घरी लोखंडी विळी होती त्यांना हे नवे नाही. आजीच्या विळीवर कैरी चिरली की पहिल्या दोन फोडी काळ्या पडत आणि त्या हमखास आमच्या वाट्याला येत. तीच लोखंडाची चव या चाकूच्या पहिल्या फोडीला येते. धार मात्र अशी लागते की, माझ्या स्वयंपाकघरातल्या कोणत्याही स्टेनलेस सुरीला ती साधणार नाही. साध्या सहाणेवर दहा मिनिटे आणि जुन्या पट्ट्याच्या उलट्या बाजूवर वीस-पंचवीस हात, एवढ्यात पिकलेला टोमॅटो दाब न देता कापला जातो. पात्याबद्दल माझी पहिल्या दिवसापासून आजपर्यंत एकही तक्रार नाही. जे काही महाभारत झाले ते मुठीचे.

मूठ बीच झाडाच्या लाकडाची आहे. हे लाकूड कणखर आणि गुळगुळीत असते, पण हवेतला ओलावा फार हौसेने पिते आणि फुगते. तेही लांबीत जवळजवळ नाहीच, फक्त आडव्या अंगाने. पाते ज्या खाचेत मिटते तिच्या दोन्ही भिंती नेमक्या त्या आडव्या अंगाला आहेत. म्हणजे लाकूड फुगले की भिंती जवळ येतात आणि पात्याला चिमटीत धरतात. ग्रनोबलच्या हिवाळ्यात, घरातल्या हीटरच्या कोरड्या हवेत, हे मला कधी जाणवले नाही. तिथे तो चाकू पाव आणि बोफोर चीज कापत सुखाने राहिला आणि मी तो ज्याला त्याला कौतुकाने दाखवत राहिलो.

जूनमध्ये पुण्याला परतलो आणि जुलैच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही चौघे राजगडाच्या पायथ्याला, गुंजवण्यात, एका घराच्या पडवीत मुक्कामाला होतो. दिवसभर धो-धो पाऊस. चाकू पँटच्या खिशात, खिसा भिजलेला. रात्री पिठल्यासाठी कांदा चिरायला मी मोठ्या तोऱ्यात चाकू काढला आणि पाते जागचे हलेना. पात्यावरच्या नखाच्या खाचेत अंगठा घालून ओढले तर नख उलटले. रुमालाने धरून ओढले, पकडीने ओढले. पात्यावर पकडीचे दात उमटले, ते अजून दिसतात. घरच्या मावशी चुलीजवळून हे सगळे पाहत होत्या. शेवटी त्यांनी विळी पुढे सरकवली आणि म्हणाल्या, “दादा, ही घ्या. तुमच्या चाकूला जाग येईस्तोवर पिठलं करपंल.”

साव्हॉयमध्ये यावर एक ठरलेली युक्ती आहे. तिला साव्हॉयवाल्यांचा ठोका म्हणतात. मिटलेल्या चाकूच्या मुठीचे मागचे टोक कठीण जागी ठोकायचे, म्हणजे त्या धक्क्याने पाते खाचेतून किंचित वर येते आणि मग बोटात धरता येते. मला ती ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने दाखवली होती. तेव्हा ती केवळ रुबाब वाटली होती. पडवीच्या दगडी उंबऱ्यावर मी सात-आठ ठोके दिले तेव्हा पाते दोन सूत वर आले. तोवर पिठले पानात पडले होते. परतीच्या वाटेवर मी मित्रांना हेच ऐकवत आलो, की ज्या दोषावरच्या इलाजाला एका अख्ख्या प्रांताचे नाव मिळाले आहे तो दोष बनवणाऱ्यांना ठाऊक नसेल असे कसे म्हणावे, आणि ठाऊक असून सव्वाशे वर्षे त्यांनी खाच रुंद का केली नसेल. या प्रश्नाचे उत्तर खरोखर शोधले असते तर बोट वाचले असते. पण मी चिडलेलो होतो आणि चिडलेल्या माणसाला उत्तर नको असते, हत्यार हवे असते.

आधी तेलाचा उपाय केला. मुठीला जवसाचे कच्चे तेल पाजावे हा जुना उपाय आहे. ते मागायला गेलो तर रंगाच्या दुकानदाराने “तेच हो हे” म्हणून बेलतेलाची बाटली हातात ठेवली. ते डबल बॉइल्ड तेल. त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंची संयुगे मिसळलेली असतात आणि ज्या चाकूने आपण काकडी खाणार त्याच्या मुठीला ते लावण्याची माझी तयारी नव्हती. बाटली परत घ्यायला त्याने साफ नकार दिला, झाकण उघडलेले नसतानाही. त्यावरून आमची बरीच बोलाचाली झाली आणि ती बाटली आज गॅलरीत तशीच आहे. खरे तेल अखेर लाकडी घाण्यावर मिळाले, जिथे ते चटणीसाठी आणि औषध म्हणून विकतात. मूठ रात्रभर त्यात बुडवली, पुसून आठवडाभर वाळवली. (तेलाने माखलेली फडकी चुरगळून डब्यात टाकू नयेत; वाळताना ती तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात.) उपयोग? थोडासा. तेल ओलावा आत शिरण्याचा वेग कमी करते, त्याला बंदी करत नाही. चार दिवसांच्या संततधारेनंतर पाते पुन्हा अडकले.

मग ऑगस्टमध्ये मी तो उद्योग केला. जुन्या व्हिजिटिंग कार्डाला पॉलिश पेपर चिकटवून ती पट्टी खाचेत घातली आणि दोन्ही भिंती घासायला सुरुवात केली. पाते माझ्या व्हर्नियरवर १.७ मिलिमीटर जाड भरते. खाच तोंडाशी १.९ झाली तेव्हा पाते लोण्यातून निघाल्यासारखे उघडू लागले. ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबरचे पहिले दिवस मी याच चाकूने समाधानाने काढले, आणि या मजकुराचा पहिला खर्डा त्याच दिवसांतला होता. त्यात ‘खाच दोन दशांश मिलिमीटरने रुंद करा, सगळे प्रश्न मिटतात’ असा सल्ला मोठ्या आत्मविश्वासाने दिलेला आहे. तो सल्ला मी आज मागे घेतो.

मार्चमध्ये बोट कापल्यावर मोजले तेव्हा तीच खाच २.१ भरली. पुण्याच्या फेब्रुवारी-मार्चच्या रखरखीत हवेने लाकूड आकसले होते आणि पात्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा झाली होती. चाकू उलटा धरून हलवला की पाते खुळखुळ्यासारखे वाजत होते आणि जोराने झटकला की स्वतःच बाहेर येत होते. तेव्हा कुठे ती नोंदवून विसरलेली बाब डोक्यात आली. २००० च्या आधीच्या ओपिनेलमध्ये मिटलेले पाते जागी ठेवणारे दुसरे काहीही नसते. ना स्प्रिंग, ना कडे. लाकडाची ती चिमटी हेच त्याचे कुलूप. मी ज्याला दोष म्हणत होतो ती त्या चाकूची एकमेव कडी होती आणि ती मी व्हिजिटिंग कार्डाने घासून काढली होती, शिवाय लाकूड सर्वांत जास्त फुगलेले असण्याच्या मोसमात, म्हणजे मोजमाप घेण्याच्या सर्वांत चुकीच्या वेळी.

खरा इलाज फुकट होता. अडकलेला चाकू चार-पाच दिवस तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला की लाकूड ओलावा सोडते आणि पाते सुटते. हे मी आता सांगतो आहे. ऑगस्टमध्ये डबा ओट्यावरच होता.

संग्रहात माझ्याकडे १९६१ च्या नमुन्याचा स्विस सैनिकी चाकूही आहे, अॅल्युमिनियमच्या मुठीचा, पात्याच्या बुंध्यावर सालाचे शेवटचे दोन आकडे कोरलेला. पाऊस, उन्हाळा, खिशातली वाळू, कशाचाही त्याच्यावर परिणाम होत नाही आणि स्प्रिंगमुळे तो मिटल्यावर टक् असा आवाज करून मिटून राहतो. ज्यांना एकच जुना चाकू घेऊन सह्याद्रीत हिंडायचे आहे त्यांनी निःशंकपणे तो घ्यावा. त्याच्याविषयी मला याहून अधिक एक ओळही सुचत नाही. कांदा-काकडी कापायला मात्र हात अजून ओपिनेलकडेच जातो, कारण स्विस पात्याला ती धार नाही आणि ती गोल, हातात भरणारी मूठही नाही.

खर्चाचा हिशेब मांडला तर चाकू ४ युरोंचा, पण पकड, पॉलिश पेपर, घाण्याचे तेल, न वापरलेले बेलतेल आणि धनुर्वाताचे इंजेक्शन यांची बेरीज नव्या कोऱ्या नंबर ८ च्या पुढे जाते, ज्याचे कडे दोन्हीकडून जखडते. बायकोने हा हिशेब माझ्या आधीच केला होता.

सध्या मी सायकलच्या जुन्या ट्यूबमधून बोटभर रुंदीचे वळे कापून मिटलेल्या चाकूवर चढवले आहे. दिसायला ते वाईट दिसते, पण पाते हलत नाही. खाचेच्या एका भिंतीला बीचचीच पातळ चिपटी चिकटवण्याचा विचार आहे. ती आता, कोरड्या हवेत, चिकटवायची नाही एवढे ठरवले आहे आणि ऐन पावसातही नाही. ऑक्टोबरात, हवा मधली असताना, आधी व्हर्नियर लावून पाहीन. तोवर चाकू पिशवीच्या वरच्या कप्प्यात, वेगळ्या कापडी थैलीत असतो.