सुट्टीच्या घराचं नुकसानीचं बिल आलं, तेव्हा

सुट्टीसाठी भाड्याने घेतलेलं घर सोडून आम्ही आपापल्या कामाला लागलो होतो, आणि बुकिंगच्या ॲपवर नुकसानभरपाईची मागणी येऊन पडली. गादीवर डाग, काचेच्या शेगडीला तडा, जेवणाच्या टेबलावर ओरखडे. सगळं मिळून रक्कम आमच्या अख्ख्या मुक्कामाच्या भाड्याहून जास्त! सोबत चार-सहा फोटो, एक टाईप केलेलं कोटेशन आणि वर मधाचं बोट : 'तुम्ही सज्जन माणसं आहात, म्हणून मला प्रकरण वाढवायचं नाही. परस्पर पाठवलेत तर थोडं कमी करीन.'

हा 'परस्पर' शब्द दिसला की सावध व्हा. पैसे ॲपच्या बाहेर गेले की ॲपवाले हात वर करतात, आणि पैसे दिलेत म्हणजे नुकसान तुम्हीच केलंत, असा अर्थ काढायला मालक मोकळा.

नवरा म्हणाला, देऊन टाकू, कटकट मिटेल. असं वाटतं खरं. या प्रकारात सगळी भिस्त तुमच्या कंटाळ्यावर आणि घाईवरच असते. बुकिंग आम्ही कुठून केलं होतं ते सांगत बसत नाही, पण एअरबीएनबी या अशाच घरं भाड्याने मिळणाऱ्या ॲपचे नियम जगजाहीर आहेत, ते पाहा. पाहुणा बाहेर पडल्यापासून 14 दिवसांत मालक भरपाई मागू शकतो, आणि मागणी आली की पाहुण्याला उत्तरासाठी मिळतात 24 तास. एकाला दोन आठवडे, दुसऱ्याला एक दिवस. त्या दिवसात तुम्ही प्रवासात असा नाहीतर आजारी असा, निदान 'मागणी मान्य नाही, सविस्तर उत्तर पाठवते' एवढी ओळ तरी ॲपमध्येच टाकून ठेवा. गप्प राहणं सगळ्यात महागात पडतं.

पण त्या 14 दिवसांची दुसरी बाजूही आहे, आणि ती आपल्या कामाची. तेवढ्या काळात त्या घरात दुसरं कोणी राहून गेलेलं असू शकतं. आमच्या बाबतीत तसंच झालं होतं. आमच्यानंतर आलेल्या पाहुण्यांचा रिव्ह्यू पानावर होता, 'घर चकाचक' असं कौतुकही होतं, त्यात तड्याचा उल्लेख नव्हता. मग तडा आमचा कसा? त्याहून मजेशीर गोष्ट जुन्या रिव्ह्यूंमध्ये सापडली. आमच्या कितीतरी आधी राहिलेल्या एका बाईंनी लिहून ठेवलं होतं, की शेगडीची काच कोपऱ्यात तडकलेली आहे, जपून वापरा. मालक स्वतःचे रिव्ह्यू वाचत नसावा. मी त्याचा आणि घराच्या पानाचा स्क्रीनशॉट लगेच काढला, कारण घराचं वर्णन आणि फोटो मालकाला केव्हाही बदलता येतात. निघताना त्याने पाठवलेला 'घर छान ठेवलंत, धन्यवाद' हा निरोपही त्याच फायलीत गेला.

गादीचा फोटो तर इतका जवळून घेतलेला, की ती कुठल्या खोलीतली, कुठल्या घरातली, काहीच कळू नये. मी भांडले नाही, आरोपही केले नाहीत. फक्त विचारलं : गादी आणि खोली दोन्ही दिसतील असा फोटो द्या, फोटोची मूळ फाइल द्या, गादी घेतल्याची पावती द्या. मोबाईलने काढलेल्या फोटोच्या मूळ फायलीत तारीख-वेळ साठवलेली असते. ती बदलता येते, त्यामुळे तो पक्का पुरावा नव्हे, पण मूळ फाइल मागितल्यावर समोरचा काय करतो, ते पाहण्यासारखं असतं. (आपले फोटो पाठवतानाही हे लक्षात ठेवा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलात तर ही माहिती गळून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर टिकते.) पावती आली नाही. मूळ फाइलही आली नाही.

आता तर फोटोवर नुसत्या डोळ्यांनी विश्वास ठेवायचे दिवसच गेले. 2025 च्या ऑगस्टमध्ये 'द गार्डियन'ने एक प्रकरण छापलं होतं. लंडनच्या एका महिलेने मॅनहॅटनमध्ये एअरबीएनबीवरून फ्लॅट घेतला होता. ती मुदतीआधीच निघून गेल्यावर मालकाने 12,000 पौंडांहून जास्त नुकसान दाखवलं. पण एकाच कॉफी टेबलाच्या दोन फोटोंत तडा वेगवेगळा दिसत होता, म्हणून फोटोंत फेरफार केल्याचा तिचा आरोप होता. कंपनीने आधी तिलाच हजारो पौंड भरायला सांगितलं. वृत्तपत्राने चौकशी केल्यावर निर्णय फिरवला, माफी मागितली आणि भाड्याची रक्कम परत केली. प्रत्येकाच्या मागे वृत्तपत्र उभं राहत नाही, म्हणून मालकाने पाठवलेले सगळे फोटो शेजारीशेजारी ठेवून ताडून पाहायचं काम आपणच करायचं.

टेबलावरच्या ओरखड्यांबद्दल माझं उत्तर वेगळं होतं. ते होते. आम्ही पोचलो तेव्हाही होते. आमच्या पहिल्या दिवसाच्या व्हिडिओत एका कडेला दिसतही होते. तो व्हिडिओ खरं तर बाल्कनीतला देखावा दाखवायला काढलेला. पण नसते दिसले तरी रोज लोक जेवतात त्या टेबलावर बारीक ओरखडे येणारच. वापराने होणारी झीज म्हणजे नुकसान नव्हे. आणि समजा खरोखर काही मोडलं, तरी जुन्या वस्तूसाठी कोऱ्या वस्तूची पूर्ण किंमत कशी मागता? वस्तू किती वर्षं वापरली, दुरुस्ती होते का, हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. कोटेशन म्हणजे खर्च झाल्याचा पुरावा नाही, कोणीही कोणाकडूनही ते लिहून घेऊ शकतं.

एवढं करूनही पहिला निकाल अर्धवट लागला. शेगडी आणि टेबल मागणीतून वगळलं, गादीचे पैसे मात्र द्या. कारण दिलं नव्हतं, नेहमीचा साचेबंद मजकूर होता. मी फेरविचाराची विनंती केली आणि त्यात फक्त गादीबद्दल लिहिलं : फोटोत खोली दिसत नाही, तारीख नाही, पावती नाही, मधे दुसरे पाहुणे राहून गेले. लांबलचक कैफियत लिहिली की तपासणारा माणूस वाचत नाही, असा माझा कयास आहे. या खेपेला प्रकरण दुसऱ्या कोणाकडे गेलं असावं, कारण उत्तरात निदान आमचे मुद्दे वाचल्याची खूण होती. मागणी रद्द झाली, अडकवून ठेवलेलं डिपॉझिट सुटलं.

कार्डातून पैसे कापले गेले असते, तर बँकेकडे तक्रार करायची तयारी ठेवली होती. व्हिसा-मास्टरकार्डच्या व्यवहारांवर आक्षेप घेता येतो, पण त्यालाही मुदत असते. मात्र रक्कम नुसती रोखून ठेवली आहे की खरंच कापली आहे, हे आधी पाहावं लागतं. रोखलेल्या रकमेवर बँक सहसा काही करत नाही.

मालकाने आमच्याबद्दल लिहिलेला 'बेजबाबदार पाहुणे' हा शेरा मात्र काढून टाकायला ॲपवाले तयार झाले नाहीत. त्याखाली उत्तर लिहायची सोय आहे. मी दोन ओळी लिहिल्या : नुकसानीची मागणी तपासाअंती रद्द झाली आहे; शेगडीच्या तड्याबद्दल आमच्या आधीच्या पाहुण्यांचा रिव्ह्यू पाहावा.