चरईतल्या बाईंचा बीजगणिताचा क्लास

पाटी नाही, जाहिरात नाही, लिफ्टही नाही. ठाण्यात चरईत, दुसऱ्या मजल्यावर बाईंच्या हॉलमध्ये सतरंजीवर बारा मुलं बसतात. फी महिना 1,500. माझी लेक दहावीला, मराठी माध्यम; जूनपासून जातेय. गणित भाग 1, म्हणजे बीजगणित, त्यातलं शाब्दिक उदाहरण दिसलं की पान उलटायची. मी स्वतः त्याच उदाहरणांपायी दहावीला लटकले होते, त्यामुळे ओरडायला तोंड नव्हतं.

पहिले दोन आठवडे बाई समीकरण सोडवूच देत नाहीत. नुसतं वाक्य वाचायचं आणि ‘पेक्षा’खाली रेघ मारायची. ‘मुलाचं वय वडिलांच्या वयाच्या निम्म्यापेक्षा 4 ने कमी’ यावर आमची बया 4 मधून निम्मं वय वजा करून मोकळी. म्हणजे बाप चाळीसचा, तर पोरगा उणे सोळा वर्षांचा! बाईंचं म्हणणं, ‘पेक्षा’च्या आधी जे आलं ते आधी मांडा, मग त्यातून काय जातंय ते बघा. एवढ्यानेच निम्मी उदाहरणं सरळ झाली.

एका शनिवारी त्यांनी माझ्याकडची दोन बिलं मागवली. नौपाड्यात माझं पोळीभाजी केंद्र आहे. दरांवर अंगठा ठेवून मुलांना दाखवलं: 40 पोळ्या, 6 भाज्या, 700 रुपये. 25 पोळ्या, 9 भाज्या, तेही 700. पोरं निघाली क्रेमरची पद्धत, म्हणजे दोन समीकरणं सोडवायचं पुस्तकातलं लांबलचक सूत्र, लावायला. बाई म्हणाल्या, थांबा, रक्कम तीच आहे ना? 15 पोळ्या गेल्या, 3 भाज्या आल्या. म्हणजे एक भाजी पाच पोळ्यांची, आणि पहिलं बिल 70 पोळ्यांचं. पोळी 10, भाजी 50. माझे दर बरोब्बर निघाले. (गिऱ्हाइकांनी असा हिशोब करायला नको म्हणजे झालं.)

अंकगणिती श्रेढी, म्हणजे दर वेळी सारख्याच फरकाने वाढणारे आकडे, त्यातलं ते नेहमीचं उदाहरण: 1 जानेवारी 2016 ला 10 रुपये, मग रोज एक रुपया वाढवत 31 डिसेंबरपर्यंत बचत किती? लेकीने n, म्हणजे दिवसांची संख्या, 365 घेतली, उत्तर 70,080. पण 2016 लीप वर्ष. खरं उत्तर 70,455. फरक 375 चा, म्हणजे नेमका शेवटच्या दिवसाचा हप्ता बुडाला. भिशी चालवणाऱ्या बाईला हे लगेच कळतं, सूत्र येवो न येवो.

तक्रार एकच, पण मोठी. बाई सगळं तोंडी सोडवतात, वहीत उतरवून घेत नाहीत. शाळेच्या चाचणीत लेकीचं उत्तर बरोबर, तरी 2 गुण गेले, कारण ‘समजा, मुलाचं वय x’ ही ओळच नव्हती. बोर्डात पायऱ्यांना गुण असतात हो! बोलले तर म्हणाल्या, जानेवारीत करून घेते. पूर्वपरीक्षा तोंडावर आल्यावर? आता रोज रात्री पोळ्यांची कणीक मळता मळता मीच वही तपासते.

इंग्रजी माध्यमवाल्यांनी आधी विचारून जा. क्रमिका, श्रेढी, सामान्य फरक, सगळं मराठीतच चालतं, आणि बाई त्यात बदल करणार नाहीत.