फराळ वेळेत गेला, पण बिलातली 'एमओटी' घशात अडकली

मुंबई विमानतळाच्या सहार एअर कार्गोतलं क्लिअरिंग, म्हणजे परदेशी जाणारा माल कस्टममधून सोडवून देण्याचं एजंटचं काम. एजंटचं नाव लिहीत नाही, कारण पुढच्या दिवाळीला कदाचित त्याच्याच दारात उभी असेन. 5 पैकी 3 तारे.

दादरला माझा फराळाचा धंदा आहे. यंदा दुबईच्या दुकानदाराने 40 खोकी मागवली: चकली, चिवडा, शंकरपाळे. (करंज्या पाठवतच नाही, पोचेपर्यंत भुगा होतो.) पॅकिंग शनिवारी रात्री संपलं, म्हणून माल रविवारी न्यावा लागला. एजंटचा पोरगा चुणचुणीत. कागद तयार, टेम्पो वेळेवर. तपासणीला एकच खोकं उघडलं. कस्टमच्या साहेबांनी चिवड्याची पाकिटं मोजून यादीशी ताडली, पोराने लगेच टेप मारली. रात्रीच्या विमानाने माल गेला. इथवर पैकीच्या पैकी.

मग बिल आलं. 'एमओटी, रविवार, 3 तास: रु. 2,400'. एमओटी म्हणजे मर्चंट ओव्हरटाइम. कस्टमचे अधिकारी सुट्टीच्या दिवशी किंवा कामाच्या वेळेबाहेर आपल्या मालासाठी आले, तर आपण सरकारला भरायची फी. 1998 च्या नियमांत ती बसवलेली आहे, आणि अर्ध्या तासाचं काम असलं तरी सहसा किमान 3 तासांची लागते. माझ्याकडे चकल्या पाडणाऱ्या बायकांना मी रविवारचे दुप्पट देते, तेव्हा ओव्हरटाइमला माझी ना नाही.

पण आमचे भावोजी बॅलार्ड इस्टेटच्या कस्टम हाउसमधून निवृत्त झालेत. बिल बघून हसलेच. "अगं, सहारला चोवीस तास, सातही दिवस क्लिअरन्स चालतो. तिथे एमओटी घेतच नाहीत. साहेबांना तुझ्या कारखान्यात बोलावलं असतंस तर गोष्ट वेगळी. आणि भरली असेल तर सरकारी चलन, म्हणजे पैसे भरल्याची पावती असणार. ते माग."

मागितलं. एजंट म्हणाला, "मॅडम, रविवार होता ना!" म्हटलं, रविवार मलाही माहितीये, चलन पाठवा. दोन दिवस फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी सुधारित बिल आलं, ती ओळ गायब. सॉरी नाही, काही नाही.

काम चोख, हिशेब ढिला, म्हणून दोन तारे कापले. आता 'किरकोळ खर्च: रु. 650' एवढी एक ओळ उरलीये. तिचीही पावती मागितली आहे.